गळाची काठी घरी बांधणं आणि दुरुस्त करणं: आधी कडीच्या पायाखाली बघा

खंड्या

दोन वर्षांपूर्वी बाबांची काठी मोडली. मासा लागलेला नव्हता, गळ कुठे अडकलेला नव्हता. फेकायला म्हणून काठी मागे नेली आणि कट्कन आवाज आला. शेंड्याकडून तिसरी कडी जिथे बांधलेली होती, तिथे दोऱ्याच्या गुंडाळीच्या तोंडाशीच ती मोडून लोंबत होती. ज्याला दाखवली त्याने एकच सांगितलं, कार्बनची काठी मोडली की संपली, नवी घ्या. बाबा काही बोलले नाहीत. पण काठीची पिशवी त्यांनी घडी करून कपाटात ठेवली, टाकली नाही. मग मीही काठी टाकली नाही.

एका रात्री बसून त्या कडीवरचा दोरा सोडवला. (कडी म्हणजे गाईड, जिच्यातून दोर जातो ती. पुढेही मी कडीच म्हणेन.) कडीचा पाय, म्हणजे काठीला टेकणारी तिची चपटी पट्टी, मोकळा झाल्यावर त्याची खालची बाजू नखावरून ओढली, तर नखाचा पांढरा भुगा निघाला. भिंग लावून पाहिलं. पायाच्या टोकाला धातू कापताना उरलेली कड तशीच होती, केसाएवढी, पण धारदार. आणि काठीवर बरोबर त्याच जागी एक आडवी चीर. काठी जितक्या वेळा वाकली, तितक्या वेळा त्या कडेने तिथे थोडं थोडं कापलं होतं. म्हणजे बांधली त्या दिवसापासूनच ती काठी मोडत आली होती.

त्यानंतर मी नऊ काठ्या दुरुस्त केल्या आणि चार कोऱ्या ब्लँकवर पहिल्यापासून बांधल्या. कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून सविस्तर लिहितोय. माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी परत परत सांगणार आहे: दोरा चढवण्याआधी जे काम होतं, त्यावर काठी टिकते. रंगीत दोरा आणि चकचकीत इपॉक्सी (दोन द्रव कालवून दोऱ्यावर लावायची, सुकून कडक होणारी राळ) हे सगळं त्यानंतरचं.

ब्लँकबद्दल थोडक्यात. ब्लँक म्हणजे कड्या, मूठ काहीही न बसवलेली नुसती पोकळ निमुळती नळी. निमुळत्या पोलादी सळईवर राळ मुरवलेलं कार्बनचं किंवा काचतंतूंचं कापड गुंडाळतात, वरून पट्टीने आवळतात, भट्टीत भाजतात आणि मग सळई ओढून काढतात. काचतंतूचा ताठपणा साधारण ७० गिगापास्कल, साध्या कार्बन तंतूचा २३० च्या आसपास, आणि वजनाला कार्बन हलका. त्यामुळे तेवढाच ताठपणा कार्बन पातळ भिंतीत देतो. पण पातळ भिंत म्हणजे ओरखडा सहन न होणं. काचेची काठी खरचटली तरी वर्षानुवर्षं चालते. कार्बनच्या काठीला शिशाचा गोळा एकदा जोरात आपटला तरी आतून दुखापत होते आणि ती पुढे कधीतरी बाहेर येते.

आता कडीचा पाय. प्रत्येक कडी, नवी असो वा महागडी, मी कानशीवर घेतोच. बारीक दाताची सपाट कानस, नंतर ४०० चा पॉलिश पेपर. पायाचं टोक वरून असं उतरवायचं की शेवटी कागदाइतकं पातळ व्हावं, म्हणजे दोरा काठीवरून पायावर चढताना पायरी लागत नाही, उतार लागतो. मग कडी उलटी करून खालच्या बाजूच्या कडा मोडायच्या, डावी, उजवी आणि टोक. शेवटी कापसाचा बोळा पायाच्या खालून सगळीकडे फिरवायचा. एकही तंतू अडकला तर परत कानस. एका कडीला पाच-सात मिनिटं लागतात. आणखी एक तपासणी: पाय काठीवर ठेवल्यावर पूर्ण टेकतो का? टाच टेकली आणि टोक हवेत राहिलं, किंवा उलट, तर दोरा आवळल्यावर तो पाय काठीला एकाच बिंदूवर दाबत राहतो. पाय हलक्या हाताने वाकवून सरळ करायचा, पण तो काठीवर ठेवून नाही. काठीपासून दूर, पक्कडीत धरून.

कड्या किती आणि कुठे? ढोबळ नियम असा की काठी जितके फूट, तितक्या कड्या आणि वर एक, शेंड्याची टोपी (अगदी टोकावर बसणारी कडी) वेगळी. सात फुटी काठीला आठ. पण अंतराचा छापील तक्ता डोळे मिटून वापरू नका. कड्या आधी बारीक रबरी पट्ट्यांनी बसवा. दोर ओवा, बुडखा भक्कम धरा, दुसऱ्याला दोराचं टोक धरून ओढायला सांगा आणि काठी चांगली वाकल्यावर बाजूने बघा. दोराने काठीच्या बाकाच्या जवळून जायला हवं. दोन कड्यांमध्ये दोर सरळ रेषेत ताणला जाऊन बाकापासून फार दूर गेला, की तिथे कडी कमी आहे. रीळ (दोर गुंडाळायची चरखी) काठीच्या वरच्या बाजूला असेल तर दोर काठीला चिकटतो का तेही बघा. एखाद्या कडीपाशी दोर एकदम कोन करत असेल तर ती कडी शेंड्याकडे किंवा बुडख्याकडे सरकवा, परत ओढा, परत बघा. बाबांच्या काठीवर मला यात दोन तास गेले. त्या दोन तासांत मला तिचा बाक कुठे सुरू होतो आणि कुठे थांबतो ते जेवढं कळलं, तेवढं ती हातात धरून कधीच कळलं नव्हतं.

दोरा गुंडाळायला यंत्र लागत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या दोन भिंतींना इंग्रजी व्ही सारख्या खाचा कापा, खाचेत जुना मऊ कपडा लावा, काठी त्यात ठेवा. दोऱ्याचं रीळ एका पेल्यात. दोरा एका जाडजूड पुस्तकाच्या पानांमधून काढून काठीकडे घ्यायचा. ताण वाढवायचा असेल तर पुस्तकावर आणखी एक पुस्तक. दोऱ्याचं टोक काठीवर लांबीच्या दिशेने धरून त्यावरून पाच-सहा वेढे घ्या, मग उरलेलं टोक कापा. सुरुवात पायाच्या टोकाच्या दोन-तीन मिलिमीटर अलीकडून करा, पायावर चढा, कडीच्या उभ्या दांडीपर्यंत जा. शेवटचे आठ-दहा वेढे उरले की दुमडलेल्या दोऱ्याचा एक फास आडवा ठेवायचा आणि त्याच्यावरून गुंडाळत राहायचं. शेवटी दोरा कापून टोक फासात घालायचं आणि फास ओढून काढायचा. टोक वेढ्यांखाली जाऊन अडकतं. मग एखाद्या गुळगुळीत वस्तूने, मी पेनाचं टोपण वापरतो, वेढे घासून फटी मिटवायच्या.

ताण किती? बांधून झाल्यावर अंगठ्याने जोर लावला तर कडी किंचित सरकली पाहिजे. सरकतच नसेल तर दोरा जास्त आवळलाय, आणि तो ताण रात्रंदिवस नळीवर राहणार.

इपॉक्सीबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहितो, हात दुखायला लागले. तोवर कुणाचे अनुभव असतील तर नक्की लिहा.

शिंपलं

दादा, किती मनापासून लिहिलंय. वाचनखूण साठवली.

माझ्या काठीचा शेंडा दारात सापडून मोडला. वरचे जेमतेम अडीच इंच गेलेत. याला सगळं सोडवून बांधावं लागेल का? आणि दुसरं, शिवणकामाचा दोरा चालेल का? घरी भरपूर आहे.

खंड्या

ताई, अडीच इंच म्हणजे सगळ्यात सोपी दुरुस्ती. फक्त शेंड्याची टोपी नवी लागेल. टोपीच्या नळीचा आतला व्यास इंचाच्या ६४ व्या भागात मोजतात, म्हणजे ‘६’ नंबर म्हणजे ६/६४ इंच. मोडलेल्या जागेच्या जरा खाली, जिथे तंतू फुटलेले नाहीत तिथे, काठीची जाडी मोजा आणि त्या मापाची टोपी आणा. जुनी टोपी चालणार नाही, काठी खाली जाड होत जाते ना.

कापायला पक्कड किंवा कात्री अजिबात नको, नळी चिरडते. कापायच्या जागेवर चिकटपट्टी गुंडाळा आणि काठी फिरवत फिरवत तिकोनी कानशीच्या कडेने चारी बाजूंनी खाच पाडत जा. तोंडाला मास्क हवाच आणि पॉलिश पेपरने घासलंत तर तो ओला ठेवा, कार्बनची भुकटी श्वासात जाऊ देऊ नका. त्वचेवर पडली तरी खाजते.

टोपी चिकटवायला इपॉक्सी वापरू नका. गरम होऊन वितळणारी गोंदकांडी वापरा, म्हणजे पुन्हा कधी बदलायची झाली तर टोपी तापवून ओढली की निघते. गोंद वितळवून काठीच्या टोकाला लावा, टोपी सरकवा, बाकी कड्यांच्या रेषेत आणा, थंड होऊ द्या, बाहेर आलेला गोंद नखाने सोला. तापवायची ती धातूची टोपी. ज्योत काठीला लागता कामा नये, कारण कार्बन जळत नसला तरी त्याला धरून ठेवणारी राळ मऊ होते.

काठी आता थोडी ताठ वाटेल. सगळ्यात मऊ भाग गेलाय, त्यामुळे हलकी आमिषं पूर्वीइतकी लांब जाणार नाहीत.

शिवणकामाच्या दोऱ्याला लव असते. इपॉक्सीखाली ती बारीक केसांसारखी उभी राहते. कामचलाऊ दुरुस्तीला चालेल, पण अखंड तंतूचा नायलॉन दोरा घ्या. बारीक ‘ए’ मापाचा बहुतेक काठ्यांना पुरतो, जाड ‘डी’ समुद्रावरच्या दणकट काठ्यांना. आणि साधा नायलॉन इपॉक्सी लागली की पारदर्शक होतो, रंग गडद दिसतो, खालचा कडीचा पायही दिसतो. रंग तसाच हवा असेल तर आधी रंग टिकवणारं द्रावण लावावं लागतं, किंवा तशी प्रक्रिया केलेला दोरा मिळतो.

तांबट

उत्तम धागा. एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, ब्लँकचा कणा. कापड गुंडाळताना जिथे थर एकमेकांवर येतात, तिथे एक बाजू किंचित ताठ होते. बुडखा गुळगुळीत जमिनीवर टेकवून, शेंडा एका हाताच्या तळव्यावर सैल धरून, दुसऱ्या हाताने मधोमध दाबत काठी फिरवली की ती एका जागी आपोआप उडी मारून स्थिरावते. बरेच जण सांगतात की कड्या त्या रेषेतच बांधायच्या, नाहीतर मासा लागल्यावर काठी हातात पिळते.

मी काही वर्षं हेच मानत होतो. मग एकच ब्लँक घेऊन कड्या वेगवेगळ्या रेषांवर रबराने बसवून वजन टांगून पाहिलं. कड्या वरच्या बाजूला असतील तर कणा कुठेही असो, काठी पिळू पाहतेच. कारण दोर काठीच्या अक्षाच्या वर आहे आणि ओढ त्याला खाली यायला सांगते. कड्या खालच्या बाजूला असतील, काठीखाली लटकणाऱ्या स्पिनिंग रीळाच्या काठीसारख्या, तर ती शांत राहते. म्हणजे पिळवटण्याचं मुख्य कारण कण्याची जागा नाही, कड्यांची बाजू आहे. शिवाय ब्लँक मुळात थोडं वाकडं असेल, आणि बहुतेक असतंच, तर ती उडी कणा दाखवत नाही, वाकडेपणा दाखवते.

आता मी ब्लँकचा सगळ्यात सरळ दिसणारा अक्ष निवडतो. जो थोडा बाक आहे तो वर किंवा खाली येईल असा ठेवतो, बाजूला नाही. वर बसणाऱ्या रिळाच्या काठीला पहिल्या दोन-तीन कड्या हळूहळू बाजूने खाली वळवत नेल्या तर शेंड्याकडच्या सगळ्या कड्या खाली येतात आणि पिळ जातो. दिसायला विचित्र वाटतं, पण हातात फरक लगेच कळतो.

पाणकावळा

तांबट यांच्याशी सहमत, जरी माझ्या गुरूंना हे पटलं नसतं.

मी शिकलो ते चिरलेल्या बांबूच्या काठीवर. बांबूच्या सहा तिकोनी कांबी रंधून, चिकटवून षट्कोनी काठी करायची, रेशमी दोरा, वर वॉर्निश. एकेक थर सुकायला दिवस जायचा. आज इपॉक्सी एका रात्रीत होते, पण वॉर्निशच्या त्या कामाने हाताला एक सवय लावली. थर पातळ ठेवायचा आणि वाट बघायची.

खंड्या, तुमच्या बाबांच्या काठीवरून आठवलं. काचतंतूच्या काठीचा जन्मच एका मोडलेल्या काठीतून झाला. आर्थर हॉवाल्ड हे प्लॅस्टिकच्या राळांवर काम करणारे अमेरिकन तंत्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांच्या बांबूच्या काठीचा शेंडा मोडला आणि तसा चांगला बांबू तेव्हा मिळेना. त्यांनी काचतंतू आणि राळ वापरून शेंडा करून पाहिला. त्यातून पुढे शेक्सपिअर कंपनीची वंडरॉड आली आणि युद्धानंतर काही वर्षांतच बांबूची काठी मागे पडली. कार्बन त्यानंतरचा, फेनविक या अमेरिकन कंपनीने १९७३ मध्ये आणला. म्हणून मोडलेली काठी हातात आली की मी ती नीट बघतो.

दोन तुकड्यांची काठी असेल तर जोडाकडे लक्ष द्या. बाहेरच्या तुकड्याच्या तोंडावर दोऱ्याची गुंडाळी असते ती शोभेची नाही. काठी वाकते तेव्हा ते तोंड आतून फाकायला बघतं, दोरा त्याला आवळून धरतो. तिथला इपॉक्सीचा थर तडकलेला दिसला की त्याच आठवड्यात नवा दोरा चढवा. एकदा नळीला उभी चीर गेली की मग उपाय अवघड. जोड सैल झाला असेल तर आतल्या तुकड्यावर साधं मेण चोळा. घट्ट अडकला असेल तर पिळू नका, दोघांनी मिळून रबरी हातमोजे घालून सरळ ओढा.

भरती_ओहोटी

माहिती छान आहे, पण मला एक शंका मांडायची आहे. मधोमध मोडलेली कार्बनची काठी जोडून परत पूर्वीसारखी होते असं कुणी समजू नये. मी एक जोडून घेतली होती. बाहेरून नळीचा तुकडा चढवला होता. दिसायला सुरेख. तिसऱ्याच फेरीला त्या तुकड्याच्या तोंडाशी पुन्हा मोडली आणि या वेळी फुटलेला शेंडा माझ्या मनगटात घुसला. तेव्हापासून मी अशी काठी वापरत नाही.

खंड्या

मनगटाला लागलं हे वाचून वाईट वाटलं. तुमची शंका रास्त आहे. पूर्वीसारखी होत नाही. बाबांच्या काठीला जोडाच्या जागी एक ताठ भाग आहे आणि तो हाताला जाणवतो.

तुमची तोंडाशी का मोडली असावी ते सांगतो. बाहेरून जाड तुकडा चढवला आणि त्याचं तोंड सरळ कापलेलं ठेवलं, तर काठी वाकताना सगळा बाक तिथेच येऊन थांबतो. आत ताठ, बाहेर मऊ आणि मध्ये एक रेघ. बाहेरचा तुकडा लावायचाच तर त्याची दोन्ही तोंडं घासून धारेसारखी पातळ करायला हवीत आणि दोरा तोंडाच्या पुढे आणखी बोटभर न्यायला हवा.

मी आतून जोडतो. आधी मोडलेल्या जागेवरचे चिरडलेले तंतू कापून टाकायचे, मग ते पाऊण इंच असोत की दीड. ते ठेवून काहीही चिकटवलं तरी ते धरत नाही. नंतर दुसऱ्या एखाद्या निकामी काठीचा शेंड्याकडचा तुकडा शोधायचा, ज्याचा निमुळतेपणा आपल्या काठीच्या आतल्या पोकळीशी जुळेल. तो खालच्या तुकड्याच्या मोठ्या तोंडातून आत सोडायचा, हलके ठोकत पुढे न्यायचा. तो मोडलेल्या टोकातून बाहेर डोकावतो आणि एका जागी घट्ट बसतो. दोन्ही बाजूंना आत किती असावा? काठीच्या जाडीच्या सहा-सात पट तरी. जिथे बसला तिथे खूण करा, परत काढा, पॉलिश पेपरने खरखरीत करा, स्पिरिटने पुसा, सावकाश सुकणारी इपॉक्सी लावून परत बसवा. वर दुसरा तुकडा सरकवा, काठी टोकाकडून डोळ्यासमोर धरून सरळ आहे ना बघा आणि उभी बांधून ठेवा. दुसऱ्या दिवशी जोडावर दोरा. आतल्या तुकड्याची टोकंही मी निमुळती घासतो, तुमच्या काठीला जे झालं तेच आतून होऊ नये म्हणून.

काठीच्या वरच्या तुकड्याला हे जमतं कारण त्याचं खालचं तोंड उघडं असतं. मुठीच्या जवळ मोडली असेल तर बुडख्याची टोपी काढावी लागते. जोडाच्या तोंडातच मोडली असेल तर मी हात लावत नाही.

आणि हो, पहिल्यांदा ताण देताना डोळ्यांना चष्मा आणि शेंड्यासमोर कुणी नाही, ही खबरदारी मी तुमचा प्रतिसाद वाचण्याआधी लिहायला हवी होती.

तांबट

आतून जोडण्याचं आणखी एक कारण. पोकळ नळी वाकते तेव्हा ती चपटी होऊ पाहते, पाण्याचा पाइप वाकवल्यासारखी. आत तुकडा असला की ती चपटी होत नाही. बाहेरून दोरा गुंडाळण्याचा फायदाही तोच.

बहुतेक काठ्या मोठ्या माशाने मोडत नाहीत हेही लिहून ठेवतो. मासा पायाशी आला की लोक काठी उभी, अगदी डोक्यामागे नेतात. मग सगळा भार बुडख्यावरून निघून शेंड्याच्या पातळ भागात जातो. काठी आडवी ठेवा, आणि मासा उचलायचा तो जाळीने.

कार्बन वीज वाहून नेतो. विजेच्या तारांखाली आणि ढग गडगडत असताना कार्बनची काठी हातात नको.

रंधा

मी सुतारकाम करते, त्यामुळे माझं लक्ष मुठीकडे. कॉर्कच्या चकत्या साधारण अर्धा इंच जाडीच्या येतात. त्या एका आटे पाडलेल्या सळईवर ओवून, पाण्याने न सुटणारा गोंद लावून, दोन्हीकडून नटाने आवळते. सळईला आधी मेण, नाहीतर मूठ तिलाच चिकटून बसते. दुसऱ्या दिवशी सळई ड्रिलमध्ये धरून फिरवायची आणि ८०, १२०, २२०, ४०० अशा कागदांनी उतरवायची. डोळे मिटून हातात धरून बघा, हाताला जिथे टोचतं तिथे अजून काम आहे. शेवटी गोल कानशीने आतलं भोक काठीच्या निमुळतेपणाप्रमाणे मोठं करायचं. हे काम सावकाश. मूठ हाताच्या जोराने शेवटच्या इंचापर्यंत सरकली पाहिजे आणि तिथे थांबली पाहिजे.

जुन्या मुठीत खड्डे पडले असतील तर घासताना निघालेली कॉर्कची भुकटी गोंदात कालवून भरा, सुकल्यावर घासा. फरक शोधावा लागतो.

रीळ बसवायच्या खोबणीखालची पोकळी भरायला लोक कागदी चिकटपट्टीचे जाड गोळे करतात. दोन-तीन पट्ट्या, मध्ये अंतर सोडून आणि बाकी जागा इपॉक्सीने पूर्ण भरून, असं असेल तर ठीक. नुसत्या पट्टीवर भरवसा ठेवला तर पाणी शिरतं, पट्टी कुजते आणि एके दिवशी रीळ हातात फिरायला लागतं. मी तशा तीन मुठी उघडल्या आहेत. तिन्हींत आत ओला लगदा.

शिंपलं

टोपी बसली, दादा! गोंदकांडीने पंधरा मिनिटांत. हुरूप आला म्हणून एक सैल कडीही परत बांधली, पण इपॉक्सी तीन दिवस झाले तरी चिकट आहे. बोट लावलं की ठसा उमटतो. काय चुकलं?

खंड्या

ताई, प्रमाण चुकलं किंवा नीट कालवली गेली नाही. जवळजवळ नेहमी हेच असतं. बहुतेक फिनिश इपॉक्सी समसमान प्रमाणात असते. दोन्हींना वेगवेगळ्या सिरिंज, त्या कधीही अदलाबदल करायच्या नाहीत. एका कडीला थेंबभर लागते म्हणून थेंबभर कालवू नका. कमीत कमी ३ मिली अधिक ३ मिली घ्या, कारण लहान मापात थोडी चूकही मोठी होते. पूर्ण तीन-चार मिनिटं कालवा, भांड्याच्या कडा आणि तळ खरवडत. गार हवेत बाटल्या आधी कोमट पाण्यात ठेवल्या तर इपॉक्सी पातळ होते आणि बुडबुडे कमी येतात. कालवून झाली की अॅल्युमिनियमच्या कागदावर पसरून ओता. भांड्यात ढीग राहिला तर ती स्वतःच्या उष्णतेने लवकर घट्ट होते.

लावताना आधी गुंडाळीच्या दोन्ही कडा भिजवा, मग मधला भाग, मग कडीच्या पायाखालचा बोगदा. तो बोगदा विसरू नका. पाणी तिथूनच शिरतं. नंतर काठी फिरती हवी. छोटी मोटर असेल तर उत्तम, नसेल तर पहिला तास दर दोन-तीन मिनिटांनी अर्धा फेरा आणि नंतर दर पाच-दहा मिनिटांनी, ती ओघळेनाशी होईपर्यंत. मी बाबांना सोबत घेऊन बसतो. ते रेडिओ ऐकत काठी फिरवतात, मी पुढची कडी घासतो. बुडबुडे दिसले तर स्पिरिटच्या दिव्याची ज्योत क्षणभर खालून न्यायची, ती काजळी धरत नाही. मेणबत्ती नको.

तुमची इपॉक्सी आता नुसती चिकट आहे की ओली? चिकट असेल तर खरवडू नका, वर नीट मापून कालवलेला पातळ दुसरा थर द्या, बहुतेक वेळा भागतं. ओली असेल तर सगळं काढून नवीन.

आणि हातमोजे. इपॉक्सीची ॲलर्जी पहिल्या दिवशी होत नाही. वारंवार हाताला लागत राहिली की एक दिवस होते आणि मग जात नाही.

पाणकावळा

काढायची वेळ आली तर ब्लेड कसं चालवायचं तेही सांगा तिला. नवखे लोक इथेच चांगली काठी खराब करतात.

खंड्या

बरोबर काका. ताई, ब्लेड नेहमी कडीच्या पायावर चालवायचं, म्हणजे धातूवर. काठीवर कधीच नाही. पायाच्या माथ्यावरून लांबीच्या दिशेने वरचा थर तासत जा, दोरा दिसला की तो पायावर कापा. मग केस वाळवायच्या यंत्राने उरलेली इपॉक्सी गरम करा आणि नखाने किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने सोला. न निघालेला भाग सोडून द्या, परत गरम करा. घाईने खरवडलात तर काठीवर ओरखडा जाईल, आणि बाबांच्या काठीला तेवढाच पुरला होता.

शिंपलं

नुसती चिकट होती. दुसरा थर दिला, आज सकाळी कडक! तुमचं वाचून बाकीच्या कड्यांच्या आतून कापूस फिरवून पाहिला तर दुसऱ्या कडीत तंतू अडकले. आतल्या रिंगला केसाएवढी चीर आहे. माझा दोर गेल्या वर्षी सारखा तुटायचा तो यामुळेच का?

खंड्या

जवळजवळ नक्की त्यामुळेच. ती रिंग दुरुस्त होत नाही, कडीच बदला. नवी कडी आणलीत की आधी तिचा पाय उलटा करून नखावर ओढून बघा, आणि बांधून झाल्यावर इपॉक्सी लावण्याआधी काठी टोकाकडून डोळ्यासमोर धरा. कडी डावी-उजवीकडे वाटली तर तेव्हाच अंगठ्याने ढकला, ती सरकेल.

शिंपलं

नखावर ओढली. पांढरा भुगा निघाला. कानस शोधते.